उढाणसाहेबांचं नाक

उढाणसाहेबांना कुणी पाणी दिलं की ते आधी हुंगायचे. पेला नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे, आणि देणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू पार मावळलं की मग एक घोट. चहा हुंगायचे, साबण हुंगायचे. ऑफिसात नवा शिपाई आला तेव्हा त्यालाही लांबून हुंगलंच असणार. विहिरी-बोअरचं पाणी तपासायचं आमचं जालन्याचं ऑफिस, आणि मी साहेबांच्या हाताखाली. कशावरूनही वाद निघाला की त्यांचा एकच सवाल असायचा, "नाकाला विचारलं का?"

या नाकापायीच त्यांचं लग्न राहिलं. अंबडला मुलगी पाहायला गेले. पोहे आले. साहेबांनी बशी उचलून हुंगली आणि भर बैठकीत म्हणाले, "तेल जुनं हाय." सोयरीक तिथंच मोडली. "आता नाकानं सांगितलं, त्याला मी काय करू? खोटं बोलू?" असं ते मला अगदी कळवळून विचारायचे. जालन्यातच मस्तगडला एका खोलीत ते एकटेच राहत आणि खानावळीच्या डब्याशी रोज भांडत.

परतूरच्या गोदाकाकूंची तक्रार आली तेव्हा आम्ही सगळे हसलो. घरामागच्या विहिरीच्या पाण्यानं वरण शिजवलं की त्याला स्कूटरचा वास येतो, असं काकूंचं म्हणणं. विहिरीला लागूनच पेट्रोल पंप होता. पंपाचे शेठ म्हणाले, "आमची टाकी बिलकुल टाईट हाय. म्हातारीला भास होऊन राह्यले." साहेब मात्र लगेच उठले. "त्या बाईनं नाकाला विचारलंय. गाडी काढा!"

पंपापासून विहिरीपर्यंत आम्ही हातानं फिरवायच्या गिरमिटानं जमिनीत भोकं पाडली. वर काळी माती, खाली मुरूम. प्रत्येक भोकाशी साहेब पालथे पडून माती हुंगायचे. बघ्यांना वाटलं, साहेबांना चक्कर आली. कुणीतरी धावत जाऊन कांदा फोडून आणला आणि थेट त्यांच्या नाकाला लावला. साहेब असे काही भडकले! "नाक बाटवलं माझं! आता घंटाभर काम बंद!"

घंटाभरानं काम पुन्हा सुरू झालं. पंपाकडे जावं तसा मातीचा वास वाढतच गेला. शेवटी टाकी उकरली, तर बुडाला गंजून भोक पडलेलं. शेठनी निमूटपणे टाकी बदलली. पण मुरुमात मुरलेलं पेट्रोल जाता जाईना. विहीर उपसायची, पुन्हा भरू द्यायची, पाण्याचा नमुना घ्यायचा, अशी आमची दर महिन्याला परतूरला फेरी सुरू झाली. काकू बिचाऱ्या तोवर शेजारच्या नळावरून पाणी भरत होत्या.

पहिल्याच फेरीत काकूंनी पोह्यांची बशी पुढं केली आणि साहेबांचा हात अवघडला. पोह्यांनी त्यांचं एकदा नुकसान केलेलंच होतं. काकू म्हणाल्या, "घ्या की वास. त्याबिगर कसं खाताल?" साहेबांनी मनसोक्त वास घेतला आणि बशी चाटूनपुसून साफ केली. तेव्हापासून परतूरला जायच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालू लागले. काकूंची मुलं पुण्याला, घरात बोलायला माणूस नाही. त्या बोलत राहायच्या आणि साहेब ऐकत राहायचे. मला आधी हसू यायचं, नंतर येईनासं झालं.

मग नमुने साफ यायला लागले. पुन्हा पुन्हा साफ. वरिष्ठ म्हणाले, "उढाण, एकदा शेवटचं जाऊन या. पाणी चांगलं झालंय म्हणून बाईंना सांगा आणि विषय संपवा."

जीपमध्ये मला राहवेना. म्हटलं, "साहेब, थोडा वास हाय म्हणून सांगा की. कोण बघायला येतंय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू टाकीला भोक मीच पाडलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा काकू चहा टाकत होत्या. पातेल्यात त्यांनी पाणी ओतलं ते विहिरीच्या बादलीतलं. ओतण्याची सफाई अशी, की नळ सोडून त्या हेच पाणी कधीपासून वापरताहेत हे मला कळलं.

साहेब मागच्या दारी विहिरीवर होते. त्यांनी ताजी बादली ओढली, ओंजळ नाकाशी नेली आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. काकू चहा घेऊन बाहेर आल्या.

"काकू," साहेब म्हणाले, "पाणी साफ हाय. बिलकुल साफ. खुशाल प्या. आमचं इथलं काम संपलं आता."

काकूंनी कप विहिरीच्या कठड्यावर ठेवले. बादलीवर वाकून एक लांब श्वास घेतला आणि नाक मुरडलं. "मला तर येऊन राह्यला बाबा अजून. थोडा हाय, पण हाय. पुढच्या महिन्यात येऊन बघून जा."

 साहेबांनी कठड्यावरचा कप उचलला आणि न हुंगता तोंडाला लावला.

"आसंल काकू," ते म्हणाले, "नाकाचा काय भरोसा!"