अबुजरची नदी शेषेरावांच्या ओट्यावरून

“तुझा राजा घोड्यावर हाय का रॉकेटवर?” अलीझाने मोबाईल अबुजरच्या पुढ्यात आदळला. “पहिल्या भागात नदीच्या उगमापासून राजधानी आठ दिवसाच्या वाटेवर. तिसऱ्या भागात राजा नाष्टा करून उगमावरून निघाला आन जेवायला राजधानीत! कोन ऐकंल हे?”

“दुसऱ्या दुनियेतली गोष्ट हाय ती! तिथं दोन चंद्र हायेत, ते बरे चालतात तुला?”

“दोन चंद्र चालतात. सरकणारी राजधानी न्हाई चालत. तुझी दुनिया तूच चालून बघ एकदा, मंग सांग लोकायला.”

अबुजरची कानशिलं तापली. नववीत शाळा सोडल्यापासून तो मुदखेडला चाचाच्या गादीघरात कापूस भरायचा आणि रिकाम्या वेळात मोबाईलवर स्वतःच्या आवाजात एका अजब दुनियेची गोष्ट भरायचा. अलीझा चाचाची पोरगी. लातूरला क्लास करायची, सुट्टीत घरी आली की त्याच्या गोष्टीची चिरफाड करायची. आणि तिचं बरोबर असायचं, याचाच त्याला जास्त राग.

“चालूनच दाखवतो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याने कबड्डीचं मैदान आखून उरलेली पांढरी फक्की काढली आणि सगळी दुनिया गल्लीत उतरवली. एक पाऊल म्हणजे एक कोस. नदी शाळेच्या भिंतीपासून निघाली, कस्तुराबाईच्या दारापाशी वळली, शेषेरावांच्या ओट्यावरून गेली आणि नालीत पडली. डोंगर म्हणून त्रिकोण. राजधानी म्हणून कस्तुराबाईच्या दारात काडीला लाल चिंधी. राक्षसाच्या गुहेला जागा मोठी पाहिजे होती, म्हणून चाचाच्या दुकानापुढच्या पत्र्याच्या शेडखाली भली मोठी फुली. मग तो शाळेच्या भिंतीपासून चिंधीपर्यंत राजासारखा ऐटीत चालला, हिशोब जमला, आणि खुशीत सायकल काढून स्टेशनकडे कापसाचं गाठोडं आणायला गेला.

शेषेराव तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले. ओट्यावरची पांढरी लाईन बघितली आणि पेस्ट गिळली.

“मोजणी झाली! रस्ता रुंद करून राहिले!”

गावात रस्ता रुंद होणार ही आवई दरवर्षी उठायची. त्यात जमिनीवर पांढरी लाईन! तिचा दुसरा अर्थ मुदखेडात कुणाला ठाऊकच नव्हता. गल्ली गोळा झाली. शेजारचा म्हणून मीही गेलो.

“पर लाईन इथं वाकडी का झाली?” हॉटेलवाल्या केरबाने विचारलं.

“कस्तुराबाईचा भाचा नगरपालिकेत हाय. वाकनारच की!”

“आन हा लाल झेंडा?”

“हे घर सोडून मोजा, असं सांगायला.”

“त्रिकोन?”

“तिथं लाईटीची डीपी बसनार.”

आपली नदी का वळते, याचं कारण शोधायला अबुजरने सुट्टीचे दोन शुक्रवार डोकं खाजवलं होतं. गल्लीने ते चूळ भरायच्या आत शोधलं.

अबुजर परतला तेव्हा लालमहंमदचाचा शिडीवर चढून शेडचे बोल्ट काढत होते. एक पत्रा खाली आला होता. दुकान आत खाटेएवढं. गादी पसरायची, शिवायची ती शेडखालीच. शेड गेलं म्हणजे दुकान गेलं.

“चाचा, काय करून राहिले?”

“फुली मारली बेटा आपल्यावर. जेसीबी आलं की पत्रा चुरगाळतंय. आपल्या हातानं काढला तर पत्रा तरी वाचंल.”

“अहो उतरा! ते मी काढलंय! ती लाईन न्हाई, नदी हाय!”



“आन फुली?” शेषेरावांनी हळूच विचारलं.

“राक्षसाची गुहा!”

“लालमहंमदभाई, पोराला पानी पाजा. धसका घेतला त्यानं.”

अबुजरचं डोकं फिरलं. तो धावत जाऊन पायाने नदी पुसायला लागला. केरबाने त्याला कमरेला धरून उचललंच.

“सरकारी लाईन पुसतो का बे? केस व्हईल! समद्या गल्लीवर व्हईल!”

“माझे हात बघा! फक्की हाय हाताला!”

“आत्ता पुसायला गेला म्हून लागली.”

“पायानं पुसत होतो मी!”

“तेच ते.”

दुसरा पत्रा खाली आला. अबुजरच्या डोळ्यात पाणी आलं. सरकणाऱ्या राजधानीवर कुणी विश्वास ठेवत नव्हतं, आता खऱ्यावरही ठेवेना.

तेवढ्यात अलीझा बाहेर आली. तिने नदी बघितली, फुली बघितली, भावाचं तोंड बघितलं, आणि भांडण न करता नुसतं विचारलं, “केरबामामा, मोजनीवाले आले कवा?”

“उजाडायच्या आत. मी हॉटेल उघडलं तवा लाईन व्हतीच.”

“म्हंजी तुमच्याकडं चहा पिले न्हाईत?”

“न्हाई.”

“शेषेरावकाका, तुमच्या घरी?”

“न्हाई बा.”

“नाष्टा? पान? कोनाला ‘साहेबायसाठी खुर्ची आना’ म्हनले?”

सगळ्यांच्या माना आडव्या हलल्या.

“म्हंजी,” अलीझा म्हणाली, “सरकारी मानसं उजाडायच्या आत आली, आख्खी गल्ली मोजली, आन चहा न पिता गेली?”

शेषेराव ओट्यावर टेकले.

“हे काय पटंना बाप्पा,” ते म्हणाले.

“अकरापतुर हापिसचं कुलूप निघत न्हाई त्यायच्या,” केरबाने भर घातली आणि अबुजरला खाली ठेवलं. मग त्याचे हात नीट उलटेपालटे करून बघितले. “फक्कीच हाय की!”

“या अल्ला!” लालमहंमदचाचा शिडीवरच बसले आणि हसायला लागले, हसता हसता त्यांनी गमछाने डोळे पुसले. पत्रे वर चढवायला इतके हात आले की शिडीला जागा पुरेना. केरबाने सगळ्यांना चहा पाजला. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर चाचा एकदम थांबले.

“अबुजर. माझ्याच दुकानात राक्षस?”

“जागा मोठी होती, चाचा.”

“राजाला बसव तिथं. गादी बी हाय.”

“आन माझ्या ओट्यावरली नदी हलव,” शेषेराव म्हणाले.

“काका, खोटी नदी हाय ती!”

“खोटी असली म्हून काय झालं? पूर आला तर?”

अबुजरने अलीझाकडे बघितलं. ती म्हणाली, “बरोबर हाय त्यांचं. नदीला पूर येनारच.”

नदी कुठून न्यायची यावर आता दोन तट पडलेत. केरबाला ती हॉटेलासमोर पाहिजे, म्हणजे घाटावर गिऱ्हाईक बसेल. कस्तुराबाई राजधानी सोडायला तयार नाही. शेषेरावांनी फक्कीची बादली आणली आहे आणि टेप धरायला माणूस कमी पडतोय, माझ्या नावाने हाका चालल्यात. मला आता निघायला पाहिजे.