हवालदार अण्णांची बी.एड.

महादेवअण्णांचा पहिला हुकूम कानावर पडला, तेव्हा मी इस्लामपूर-सांगली एसटीत खिडकीशी बसून चपातीची गुंडाळी खात होते. डोक्यावर आवाज फुटला, "पिशवीऽऽ उचल!" माझ्या हातातली चपाती खाली पडली. मीच काय, पुढच्या दोन बाकांवरच्यांनीही आपापल्या पिशव्या पटापट उचलल्या. वर बघते तर साठीकडे झुकलेला, झुबकेदार मिशांचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ माझ्या शेजारची जागा मागत होता. जागा मागायची त्यांची रीत ही अशी.

खरा धक्का पुढेच होता. सांगलीत मी ज्या कॉलेजच्या फाटकातून आत शिरले, त्याच फाटकातून अण्णाही शिरले. मला वाटलं, नवीन वॉचमन असणार. तर वॉचमन सरळ वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसला! बोलण्यात अडचण असलेल्या मुलांना शिकवायची आमची बी.एड. अडखळणारी, उशिरा बोलायला लागलेली, शब्दच न सापडणारी मुलं. त्यांच्याशी हळू बोलायचं, मऊ बोलायचं, वाट बघायची. आणि तिथं हे! फौजेत हवालदार, उभा जन्म रंगरुटांना परेड शिकवण्यात गेलेला, बी.ए. तेवढं नोकरीत असताना पोस्टानं केलेलं. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाई आत आल्या, सगळे उभे राहिलो, तेव्हा अण्णांनी "वर्गऽऽ बस!" असा आवाज दिला. आमच्या जोशीबाईसुद्धा खाली बसल्या.

अण्णांचं सगळंच हुकमात चालायचं. कँटीनमध्ये "चाऽऽ आण!" फोनवर "बोल! झालं? ठेव!" वीस मिनिटांचं भाषण द्यायचं होतं, ते त्यांनी दीड मिनिटात उरकलं आणि पाय आपटून जागेवर गेले. पाठाच्या टाचणात 'उद्दिष्ट' या रकान्यापुढे त्यांनी 'काबीज करणे' असं लिहिलं होतं. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

दोन वर्षं आम्ही एकाच गाडीनं गेलो-आलो. बोलायचं खातं माझ्याकडे. मी मुळात बोलघेवडी, त्यात समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकायची वाईट खोड. सासूबाईंच्या गुडघ्यापासून आष्ट्याच्या वळणावरच्या खड्ड्यापर्यंत सगळं मी सांगायचे. अण्णा "व्हय" म्हणायचे, नाहीतर "न्हाई." फारच झालं तर, "जास्त बोलायचं न्हाई!" तो टोला मला आहे, असं मी धरून चालले होते. अण्णांची बायको तीन वर्षांमागं गेली आणि ते घरी एकटेच असतात, हेसुद्धा मला कंडक्टरकडून कळलं.

आमच्या शिक्षणातला एक नियम सगळ्यात मोठा. मुलाला प्रश्न विचारला की मनात दहा मोजायचे. त्याच्या तोंडचा शब्द आपण उचलायचा नाही. अण्णा दहा मोजायचे, पण मोठ्यानं. "एक! दो! एक! दो!" पोरं खूश होऊन उठायची आणि कवायत करत पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायची. बोलत मात्र कुणी नसे. सरावपाठात अण्णा दोनदा नापास झाले. जोशीबाईंनी स्पष्ट सांगितलं, शेवटचा पाठ गेला तर पदवी गेली.

मी न राहवून म्हटलं, "अण्णा, पेन्शन आहे, ऊस आहे. कशाला हवीय तुम्हाला ही बी.एड.?"

"पायजे!" एवढंच म्हणाले आणि खिडकीकडे तोंड केलं. त्यांचे डोळे भरलेले दिसले. मी गप्प झाले. माझ्या बाबतीत हीसुद्धा धक्कादायकच गोष्ट.

शेवटच्या पाठाला बाहेरच्या परीक्षक बाई आल्या होत्या. अण्णांच्या वाट्याला आली रेवा, पलूसकडची, सात वर्षांची. बोलताना अडकायची, वर्गातली मुलं हसायची, म्हणून तिनं शाळेत बोलणंच टाकलेलं. अण्णा ताठ उभे राहिले. "नावऽऽ सांग!"

पोर दचकली आणि बाकाखाली जाऊन बसली. आम्ही माना खाली घातल्या. गेली बिचाऱ्यांची पदवी, मला वाटलं.

मग अण्णा त्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी जमिनीवर बसले. "म... म... मा..."

मी हबकले. मुलीची नक्कल? आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. मी रागानं अर्धी उठलेसुद्धा. आणि मग मला त्यांचा चेहरा दिसला. डोळे घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या, अंगठा मांडीत रुतवलेला. असं कुणाला मुद्दाम करता येत नाही.

"मा... माझं ना... नाव म... म..."

त्यांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मी पदर तोंडात धरला. रेवा बाकाखालून त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होती. तिनं दहा मोजले नसतील, पण ती थांबली.

"म... महादेव."

"मी र... र... रेवा," बाकाखालून आवाज आला. "तु... तुमी बी अ... अडकताय?"

"व... व्हय. ल... लय."

मग रेवानं, तिच्या घरच्या म्हशीला रेडकू झालंय आणि त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका हाय, एवढं सांगितलं. त्याला चार-पाच मिनिटं लागली. खोलीत कुणी हाललं नाही. परीक्षक बाईंनी डोळे टिपले, वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "पास. पण यातलं टाचणात काहीच नाहीये."

परतीच्या गाडीत मी विचारलं, "अण्णा, दोन वर्षं पत्ता लागू दिला नाहीत?"

अण्णा बोलले. सांगलीला सुरू केलं, ते आष्टा मागं पडलं तरी चालूच होतं. लहानपणी गावानं खिदळून बोलणं नकोसं केलेलं. परेडच्या मैदानावर पहिल्यांदा कळलं, की हुकूम तेवढा अडकत नाही. तेव्हापासून सगळं हुकमातच. "घ... घरी मातुर ति... तिच्यासंगं असाच बो... बोलायचो. ती थ... थांबायची. ती ग... गेली आन बोलायचं ऱ्हायलंच. पो... पोरांसाटी बी कुनीतरी थ... थांबाय पायजे न्हवं?"

दोन वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसून बडबडले होते. मला माझीच लाज वाटली.

इस्लामपूरचा स्टँड आला. मी विचारलं, "वैनींचं नाव काय हो, अण्णा?"

"क... क..."

गाडी रिकामी झाली. कंडक्टर दारातून ओरडला, "आवं उतरा की लौकर, गाडी डेपोला न्यायची हाय!" मी हात वर करून त्याला थांबवलं. तोही बिचारा गप्प उभा राहिला.

"क... क... कमल," अण्णा म्हणाले.

मग माझी पिशवी त्यांनीच उचलली आणि आम्ही खाली उतरलो.