गडबची आरोळी आणि जैसलमेरचा माळढोक

"माळढोकाचा फोटो काढल्याबिगर गडबात पाय ठेवनार नाय!"

असं नातीला, मनस्वीला, सांगून कान्हू म्हात्रे बायकोसोबत गडब गावातून निघाला. तिच्या शाळेच्या वहीत सगळ्या पक्ष्यांचे फोटो होते, माळढोकाचाच एक चौकोन रिकामा होता, आणि बाईंना वही पुढच्या सोमवारी हवी होती. कान्हूची चाळीस वर्षं भातावरची पाखरं हाकण्यात गेलेली. पक्षी म्हणजे आपल्या घरचीच मंडळी, असा त्याचा रुबाब!

पण जैसलमेरच्या त्या वाळवंटी उद्यानात जीप शिरली आणि त्याचा रुबाब उतरला. नजर दमेल इतका मोकळा माळ! वाऱ्याने कोरलेले तांबूस खडक. वाटेत तर झाडाचं अख्खं खोड दगड होऊन पडलेलं.

"अवो, साल तरी बगा कशी हाय!" बायको गोदूबाई म्हणाली. "देवानं किती सवडीनं केलाय!"

चिंकारा उड्या मारत गेले. एक कोल्हा थांबून यांनाच न्याहाळू लागला. कान्हूने सरळ हात जोडले.

"अब बिलकुल चुप," गाईड कुजबुजला. "गोडावण! आपका माळढोक!"

झुडपामागून कमरेएवढा उंच पक्षी निघाला. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, चाल एखाद्या सरपंचाची! कान्हूचे डोळे भरून आले. त्याने मोबाईल उचलून नेम धरला.

तेवढ्यात पक्षी वळला आणि कडेच्या हिरव्यागार हरभऱ्यात शिरून चोच मारू लागला.

कुणाचं तरी उभं पीक! कान्हूला राहवेना. मोबाईल मांडीवर पडला, कान्हू ताडकन उठला, टाळ्या पिटल्या आणि आरोळी ठोकली, "हाऽऽऽ! हुर्रर्रऽऽ!"

माळढोक उडाला. काय ते पंख! त्यांची सावली जीपवरून सरकत गेली. सगळे आ वासून बघत राहिले, गाईडसुद्धा. मग त्याने कपाळावर हात मारला.

घरी मनस्वीने मोबाईल उघडला. फोटोत फक्त आजोबांचा गुडघा होता.

"आजोबा, माळढोक कुठाय?"

"उडाला गो."

"उडाला कसला, यांनी उडवला!" गोदूबाई कडाडली. "चालीस वरसां शेतावर वरडले, कदी एक चिमनी हलली नाय!"

मनस्वीने चौकोन रिकामाच ठेवला आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'माळढोक. माझ्या आजोबांना घाबरणारा एकमेव पक्षी.'