साळवेकाकांनी ऐकलेली कॉलेजं

ठाण्यातल्या एका बी.एड. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, एका बंद दारापाशी, एक गृहस्थ डोळे मिटून उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, आणि डावा कान दाराकडे. वॉचमन धावत आला.

"ओ काका, इथे काय करताय?"

"ऐकतोय."

"कोणाचे पालक तुम्ही?"

"अजून कोणाचा नाही. आधी कॉलेज पसंत पडू दे."

मी जिन्यात उभी राहून ओढणीत तोंड लपवत होते. कारण ज्या मुलीसाठी हे ऐकणं चाललं होतं, ती मुलगी मीच.

साळवेकाका आमचे डोंबिवलीजवळच्या कोपरचे शेजारी. आमचं दार उघडलं की समोर त्यांचं दार. उभा जन्म त्यांनी एका शाळेत शिपाई म्हणून काढला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी दुपारी जेवायला बसताना ते "मधली सुट्टी झाली" म्हणतात. लाइट गेले की "ऑफ तास". आमच्याकडचे पाहुणे निघाले की जिन्यातून विचारणार, "सुटले का?"

वर्गाबाहेर स्टुलावर बसून बसून त्यांनी मास्तरांच्या दोन जाती ठरवल्या होत्या. घंटेचे आणि घंटा विसरणारे. "पोरांना मास्तर दिसतो, म्हणून ती फसतात," ते म्हणायचे. "मला नुसता ऐकू यायचा. दाराबाहेरून सगळं कळतं, वर्षा."

मी भूगोलाची बी.ए. झालेले आणि कोपरच्याच एका क्लासमध्ये पाचवी ते सातवीला सगळे विषय शिकवत होते. एका शाळेत भूगोलाच्या शिक्षिकेची जागा निघाली म्हणून गेलेले, तर मुख्याध्यापिकाबाईंनी माझा पाठ ऐकला, छान म्हणाल्या आणि शेवटी विचारलं, "बी.एड. झालंय ना?" नव्हतं झालं. तिथेच विषय संपला. घरी येताना जिन्यात काकांनी माझा चेहरा बघितला आणि सगळं वदवून घेतलं.

"मग कर की बी.एड."

"काका, बाबांची कंपनी डोंबिवलीहून बाहेर गेलीय. त्यांचंच काही ठरत नाहीये. त्यात धाकट्या दादूची बारावी."

"म्हणजे स्वस्तातलं पाहिजे."

"हो."

"स्वस्त आणि चांगलं," काका म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बूट घालून दारात उभे राहिले.

तो उन्हाळा आम्ही कॉलेजं ऐकण्यात घालवला. प्रत्येक ठिकाणी काका खिडकीवरच्या माणसाला फी विचारायचे. त्याने आकडा सांगितला की पिशवी खाली ठेवून म्हणायचे, "यात काय काय नाही, ते सांगा आता." बहुतेक ठिकाणी बरंच काही नसायचं. गणवेश नाही, सरावपाठांचं साहित्य नाही, सहल नाही, परीक्षा नाही. एका बाईंनी तर वैतागून विचारलं, "तुम्हाला घ्यायचीय का अॅडमिशन?" "मला नाही," काका शांतपणे म्हणाले, "माझं वय बसत नाही."

दिवा स्टेशनच्या पुढे एक नवं कॉलेज होतं. काचेची इमारत, आत गारेगार, सोफे. मला एकदम आवडलं. फी हप्त्यांनी भरली तर जेमतेम जमलीही असती. काकांनी विचारलं, "भूगोल कसा शिकवायचा, हे शिकवायला कोण आहे?"

"इतिहास-भूगोल एकच मॅडम बघतात."

"भेटतील?"

"त्या फक्त गुरुवारी येतात."

"आज काय वार?"

खिडकीतल्या मुलाने कॅलेंडरकडे बघितलं. "गुरुवार."

काकांनी पिशवी उचलली. बाहेर आल्यावर म्हणाले, "सोफा बरा होता."

आमचं एकदा वाजलंही. क्लासमधल्या एका सरांनी मला एजंटचा नंबर दिलेला. दुसऱ्या राज्यातलं कॉलेज, फी अगदी कमी, वर्गात जायचं नाही, नुसतं परीक्षेला जाऊन यायचं. क्लासची नोकरीही सुटली नसती. मी जवळजवळ हो म्हटलेलं. आनंदाने काकांना सांगायला गेले, तर ते कपडे वाळत घालत होते ते थांबले.

"वर्गात न बसता मास्तर?"

"काका, परवडतंय हो. आणि सगळे करतात."

"मग मी इतकी वर्षं घंटा कोणासाठी दिली गं?"

एवढंच बोलून ते आत गेले. चार दिवस बोलले नाहीत. जिन्यात भेटले तर भिंतीकडे बघून उतरायचे. मला राग आला होता. पैसे त्यांचे नव्हते, वर्षं त्यांची नव्हती, मग एवढा ताठा कसला? चौथ्या दिवशी क्लासमध्ये सातवीतल्या एका मुलीने विचारलं, समुद्राला भरती रोज वेगळ्या वेळी का येते? मी पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं. तिने ते वहीत उतरवलं, पण तिला कळलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते सोपं करून कसं सांगायचं हे मलाही माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी एजंटला नाही म्हणून कळवलं आणि काकांचं दार वाजवलं.

"उद्या कुठलं कॉलेज?" मी विचारलं.

"चहा घेतेस?" काका म्हणाले.

ते कॉलेज सापडलं ठाण्यातच, एका जुन्या इमारतीत. अनुदानित होतं, त्यामुळे वर्षाची फी क्लासच्या दोन पगारांत बसत होती. पंखे आवाज करत होते, भिंतींना ओल होती. काका दारापाशी उभे राहिले. आत एक वयस्क बाई नकाशा वाचायला कसा शिकवायचा ते सांगत होत्या. तास संपला. बाई बोलतच राहिल्या. काकांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि फक्त मान हलवली.

पण तिथे जागा थोड्या आणि प्रवेश सीईटीच्या गुणांवर. मग माझ्या अभ्यासाचं वेळापत्रक काकांनी हातात घेतलं. दर पस्तीस मिनिटांनी आमच्या दाराची बेल वाजायची. "तास संपला. आता गणित." आई म्हणाली, "हे मला वेडं करणार." दादूचाही अभ्यास त्या बेलवर आपोआप व्हायला लागला, तेव्हा तिने तक्रार सोडली.

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. काका म्हणाले, "उशिरा येणाऱ्या पोरांनाही गेट उघडतात." दुसऱ्या यादीत लागलं. बाबांनी पेढे आणले. काकांनी एक खाल्ला, एक रुमालात बांधला आणि "झालं काम" म्हणून घरी गेले.

कॉलेज सुरू झालं. मी सकाळी साडेसहाला निघायचे, संध्याकाळी येऊन पाठाची टाचणं काढत बसायचे. दिवाळीनंतर एकदा आई म्हणाली, "साळवे दोनदा येऊन गेले. काही काम नव्हतं म्हणे."

तिसऱ्यांदा आले तेव्हा मी घरी होते. त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता.

"एम.एड.ची माहिती काढलीय. कल्याणला आहे एक."

"काका, माझं बी.एड.चं पहिलं सत्रही नाही संपलेलं."

"घाई कुठे आहे? नुसतं बघून ठेवू." त्यांनी कागदाची पुन्हा घडी केली. "येत्या रविवारी जमेल?"

रविवारी कॉलेज बंद असतं, हे शाळेत जन्म काढलेल्या माणसाला मी काय सांगणार होते?

"जमेल की," मी म्हणाले.

रविवारी आम्ही कल्याणला गेलो. गेटला कुलूप होतं. काकांनी ते नीट हलवून बघितलं. "बंद दिसतंय."

"हो ना."

समोरच्या हॉटेलात आम्ही मिसळ खाल्ली. मग दोन-दोन चहा झाले. साळवेकाकू गेल्याला तीन वर्षं झाली होती आणि मुलगा नागपूरला. एवढ्या कॉलेजांच्या फेऱ्यांत काकांनी काकूंचं नाव एकदाही काढलेलं नव्हतं. त्या दिवशी ते दुपारी एकपर्यंत काकूंबद्दल बोलत होते. काकूंना मिसळीत पाव बुडवून खाल्लेला चालायचा नाही, तोडून खायला लागायचा, असं सगळं. मी ऐकत होते.

उठताना काका म्हणाले, "पुन्हा यावं लागेल. आज काहीच बघून झालं नाही."

"येऊ ना," मी म्हणाले. "पुढच्या रविवारी?"