हिरव्या ठिपक्याची रुग्ण

रोगी बरा होण्यापेक्षा तो बरा होत असल्याचे वरच्यांना दिसणे अधिक महत्त्वाचे, हे आता सर्वमान्य आहे. कुही गावच्या भावना मेश्राम यांना मात्र ते क्षयरोग होईपर्यंत ठाऊक नव्हते. (माणूस निरोगी असला की अज्ञानीच राहतो.)

पोह्यांचा ठेला बंद करून घरी बसलेल्या भावनाला एका प्रकल्पाने गोळ्यांची हुशार डबी दिली. झाकण उघडले की शहरात, प्रकल्पाच्या रामदासपेठेतल्या कार्यालयात, पडद्यावर तिच्या नावापुढे हिरवा ठिपका उमटे. न उघडल्यास लाल. गोळी पोटात गेली का, हे डबीला कळत नसे. पण इतके खोलात शिरायला ती काही सासू नव्हती.

दिवाळीनंतर गोळ्यांचा पुरवठाच थांबला. भावनाने प्रकल्पाच्या केयूर साहेबांना फोन लावला.

"सायेब, गोळ्या संपल्या. दवाखान्यातबी नाही म्हणून राहिले."

"पण ताई, डबी उघडून राहिल्या ना?"

"रिकामी डब्बी काहून उघडू?"

"लाल ठिपका येते ना मग! गोळ्या येतीलच. तोवर उघडत राहा."

भावना आज्ञाधारक. रोज सकाळी डबी उघडे, आत बघे, बंद करे. ताप परतला, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. ठिपके मात्र टवटवीत. इतकी नियमित रुग्ण तालुक्यात दुसरी नव्हती, म्हणून 'आदर्श रुग्ण' म्हणून तिचा सत्कार ठरला.

रामदासपेठेच्या थंडगार सभागृहात शाल घेताना तिला खोकल्याची उबळ आली आणि शालीवर रक्त सांडले. पहिल्या रांगेने तातडीची उपाययोजना केली. (ती अख्खी रांग उठून शेवटच्या रांगेत जाऊन बसली.) भावनाचा नवरा प्रशिक मंचावर धावला.

"गोळ्या द्या गा तिले! शाल काहून पांघरून राहिले?"

तिला मोठ्या दवाखान्यात हलवले. तिथली नर्स हातावर गोळ्या ठेवी आणि समोर उभी राहून गिळायला लावी. ताप उतरला. एके दिवशी भावनाने आपणहून वरणभात मागितला.

डबी मात्र कुहीला घरी न उघडता पडून होती. पडद्यावर लालच लाल. उपचारात कुचराई करणाऱ्या या रुग्णाची समजूत घालायला केयूर साहेब खाटेपाशी आले.

"ताई, काय हे? किती छान रेकॉर्ड होतं तुमचं!"

भावनाने तोंडातली गोळी आधी गिळली.

"सायेब, मी बरी होऊन राहिली. तुमच्या रेकॉर्डले चालत असन तं होऊ द्या."

वाचकहो, हे वाचून आपणांस दुःख झाले असल्यास ते वाया घालवू नये. मोबाइलवर बदामाचे चिन्ह दाबून त्याची नोंद करावी. झाले नसल्यासही दाबावे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.