बिनरोलाचं लग्न

साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून असलेल्या आकारामने जुना पेटी कॅमेरा विकत घेतला, त्या दिवसापासून त्याच्या बायकोला, अंजनाला, रविवारचा राग येऊ लागला. रविवारी तो सकाळीच कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडे आणि जेवण निवून गेल्यावर परते. एका रोलात बारा फोटो. त्यातले चार हललेले, तीन काळेकुट्ट आणि उरलेल्यांत शेजाऱ्यांची म्हैस.

"आवं, त्या म्हशीचं चार फोटो हायेत घरात. माझा एक न्हाई," अंजना म्हणायची.

"म्हैस हलत न्हाई गं. तू हलतीस."

"रोलाला पैसं, धुवायला पैसं, आनी रविवार जातो त्यो वायलाच. ह्यातनं तुमाला मिळतं तरी काय?"

आकाराम कॅमेऱ्याची काच पुसत राहायचा. मिळत होतं काहीतरी, पण काय ते त्याला सांगता येत नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात अंजनाच्या धाकट्या बहिणीचं, बनाचं, पलूसला लग्न निघालं. सासऱ्यांनी, नाथाजींनी, सांगलीचा फोटोग्राफर रद्द केला. "घरचा जावई कॅमेरावाला असताना परका कशाला?" अंजनाने नवऱ्याला बाजूला घेऊन बजावलं, "एवढं लगीन नीट काढा. मग म्हशीचं काढा न्हाईतर रेड्याचं, म्या बोलायची न्हाई."

लग्नाच्या दिवशी आकारामच्या अंगात वारं भरलं. "हलू नका! श्वास धरा!" असं ओरडत तो मांडवभर धावला. नवऱ्या मुलाचे मामा, भाऊसो, पलटणीतून पेन्शनीत आलेले साडेसहा फुटी गृहस्थ. मोठ्या फोटोच्या वेळी आकारामने त्यांना उंचीमुळे मागच्या रांगेत, आचाऱ्याच्याही मागे धाडलं. भाऊसो उभे राहिले खरे, पण फोटो होताच मिशा थरथरायला लागल्या.

"पोराच्या मामाला मागं? आचाऱ्याच्या म्होरं उबं करायचं सोडून त्याच्या मागं?"

आणि ते न जेवताच निघून गेले. साऱ्या वऱ्हाडाच्या घशात बुंदी अडकली.

वऱ्हाड गेल्यावर नाथाजींनी विचारलं, "किती झालं फोटो, जावईबापू?"

"चाळीस तरी झाले असतील."

"लय बरकतीचा कॅमेरा हाय गड्या!"

आकाराम खुशीत हसला. मग हसू ओसरलं. रोल बाराचा होता. तो उठला, अंजनाची पेटी उघडली. तिच्या ठेवणीतल्या लुगड्याखाली नवाकोरा रोल चंदेरी कागदात तसाच गुंडाळलेला होता. घाईत भरायचा राहून गेला होता, आणि दिवसभर त्याने नुसतीच खुंटी फिरवली होती.

त्याने अंजनाला बोलावून रोल दाखवला. अंजनाने एकदा रोलाकडं, एकदा नवऱ्याकडं पाहिलं आणि ती मटकन पेटीवर बसली. तिची बोलणी ऐकायची आकारामने तयारी केली.

"उद्या मांडवपरतन हाय," ती म्हणाली. "नवरानवरी यायचीच हायेत. मांडव उभा हाय. हार शिळं झाल्यात, पर फोटोत वास कुटं येतोय?"

"आनी मामा?"

"मामाला तुमीच आना. रुसवलंय तुमी."

रात्रीच नाथाजींना रोल दाखवून झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे-जावई सायकलीवरून शेजारच्या गावी गेले. भाऊसो दारातच हाताची घडी घालून उभे होते. आकारामने खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण त्या मिशा बघून खरं तेच तोंडातून निघालं.

भाऊसोंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे मी मागं उबा हाय, त्यो फोटो..."

"न्हाईच आला, मामा."

"कुटंच न्हाई?"

"कुटंच न्हाई."

"देव हाय गड्या!" भाऊसो म्हणाले आणि फेटा बांधायला आत पळाले.

दुपारी पुन्हा लग्न लागलं. भटजी नव्हते, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. आदल्या दिवशी रडून डोळे सुजलेली बना आज नवऱ्याकडं चोरून बघत होती, आणि नवराही बघताना पकडला गेला की लाजत होता. भाऊसो आपण होऊन पहिल्या रांगेत उभे राहिले आणि त्यांनी आचाऱ्यालाही शेजारी ओढून घेतलं. सासूबाई, सुलाबाई, पदराला हात पुसत चुलीपासून आल्या आणि मांडवाच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"काल अक्षता पडल्या तवा आईनं बघू न्हाई म्हून म्या तुळशीपाशी, आनी मग चुलीपाशी," त्या म्हणाल्या. "लेकीचं लगीन म्या आजच बघतीया."

आकाराम या वेळी दर फोटोआधी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल काचेत रोलाचा आकडा तपासत होता. अकरा झाले. एक उरला.

"आई, तू आनी आण्णा उबं ऱ्हावा," अंजना म्हणाली.

"ह्या वयात? खुळी का काय!" नाथाजी फणकारून घरात गेले. आता हे रुसले, असं सगळ्यांना वाटलं. पण ते बाहेर आले ते नवं धोतर नेसून, केसांना तेल लावून.

पंधरा दिवसांनी साताऱ्यात फोटो धुऊन आले. बारापैकी दहा चांगले निघाले. अंजना शेवटचा फोटो घेऊन चुलीपाशी बसली, ती भाजी करपली तरी उठेना.

"आण्णा आईच्या एवढं जवळ उबं ऱ्हायल्यालं म्या कवाच बगितलं न्हाई," ती म्हणाली. मग तिने सगळे फोटो पुन्हा चाळले. "पर ह्यात तुमी कुटं हाय?"

"मी काढतोय की."

पुढच्या रविवारी तो निघाला, तेव्हा अंजना इस्त्रीचं पातळ नेसून दारात उभी होती. तिचा फोटो काढायचा म्हणून तो हरखला. पण तिने कॅमेराच त्याच्या हातातून काढून घेतला आणि त्याला जास्वंदीपाशी नेऊन उभं केलं. आकारामला आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना. त्याने ते आधी खिशात घातले, मग पाठीमागं घेतले.

"हलू नका," अंजना म्हणाली. "श्वास धरा."

त्याने श्वास धरला. कॅमेरा काही वाजेना. त्याचा चेहरा लाल होत गेला.

"आगं, दाब की! किती वेळ?"

"थांबा जरा," कॅमेऱ्यातून डोळा न काढता अंजना म्हणाली, "मला आजून बगायचंय."