खंदकाकडे तोंड करून

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा पहिला अर्ज. दसऱ्याला स्मरणपत्र. होळीच्या आधी खंदकात मुरुमाचा पहिला ट्रक. जबाबदार : न वाचता सही करणारे अधिकारी आणि मुरूम पुरवणारा कंत्राटदार. तिसरे नाव शेवटी देतो.

आमच्या गावच्या भुईकोटाचा निवृत्त चौकीदार भिवाजी रोज सूर्यास्ताला दरवाज्यात उभा राहून तीनदा ओरडतो, "कोनी रायलं का अंदर?" मग कुलूप लावतो. शेजारची भिंत इतकी ढासळली आहे की तिथून बैलगाडी आत जाते. तरीही कुलूप.

राजा गेला, कैदी आले. कैदी गेले, धानाची पोती आली. मग शाळा भरली, आता शेळ्या बसतात. भिवाजीच्या कमरेला सगळ्यांच्या किल्ल्या आहेत. "हे जेलाची, हे गोदामाची, हे शाळेची, अन् हे राजाची."

"राजाच्या वेळी तू होतास?"

"मी नोयतो जी, चाबी होती ना, नाझरबाबू!"

न्यायालयात नाझर म्हणून आयुष्य काढल्याने साक्षीदाराची नजर मला कळते. हा विचारतो किल्ल्याला, तोंड मात्र खंदकाकडे. हाक दिल्यावर कान देऊन थांबतो. का? "सदर इसम खंदकात काय दडवतो, याचा तपास व्हावा," असे मी लेखी कळवले. उत्तर आले : "तपासात काही आढळले नाही. सबब खंदक बुजवण्यात येत आहे."

परवा ट्रक रिकामा होत असताना मी त्याला दटावले, "आता तरी सांग, काय होतं त्यात?"

"शिंगाडे होते जी."

"आणखी?"

तो किल्ल्या चाळवत राहिला. "आमची घरवाली, सायत्रा. डोंग्यात बसून शिंगाडे तोडे. मी आवाज देल्लो का पान्यातून म्हने, 'अंदर कोनी नाई, मी रायली बाहेर! मले नेता का घरी?' रोजचंच. साऱ्या बाया हासत."

सायत्राला जाऊन बरीच वर्षे झाली.

"पानीच नाई, त आवाज कोनाले देऊ, नाझरबाबू?"

काल सूर्यास्ताला तो दरवाज्यात आला. ओरडला नाही. कुलूपही लावले नाही.

तिसरे नाव अर्जदाराचे, म्हणजे माझे. दरवाज्यासमोरचे पाणी गेले, पण अर्ध्या खंदकात अजून पाणी आहे. उरलेला मुरूम कोणाच्या हुकमाने पडणार, हे त्या अधिकाऱ्यांनी ग्रामसभेत, भिवाजीसमोर उभे राहून सांगावे. माझे उत्तर मी आधी देईन.